हातावरचा व्रण आणि मोंढ्यातला भाव

2025 च्या दिवाळीनंतर मानवत तालुक्यातल्या माझ्या मामूंनी कापूस विकला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने निम्मी बोंडे झाडावरच काळी पडली होती. जो कापूस घरात आला तोही ओलसर. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल, मध्यम धाग्याचा 7710. पण 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला कापूस हमीभावाच्या खरेदीत बसत नाही. वाळवून थांबायला मामूंना सवड नव्हती. हरभऱ्याचे बी घ्यायचे होते, खताची उधारी द्यायची होती. हमीभावाच्या हजारभर रुपये खाली व्यापाऱ्याला माल देऊन ते मोकळे झाले. रात्री फोनवर मला म्हणाले, "बेटा, तू लिखता-पढता है. बोल, अमेरिका हौर रशिया के झगडे में मेरी कपास का भाव कायकू गिरा?"

हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे कोणी विचारला नव्हता. या मजकुराचे वाचक मला इराणबद्दल विचारतात, गाझाबद्दल विचारतात, चीन अमेरिकेला कधी मागे टाकणार ते विचारतात. कापसाचा भाव आणि महासत्तांचे वैर यांचा संबंध काय, हे एका सातवी शिकलेल्या शेतकऱ्याने विचारले. म्हणून आजचा लेख त्यांच्यासाठी.

युद्ध किती लांब असते?

साखळी सरळ आहे. 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. अमेरिका आणि युरोपने रशियावर निर्बंध घातले. रशियाला तेलाचे नवे गिऱ्हाईक हवे होते, त्याने भाव उतरवला. युद्धाआधी आपण रशियाकडून घेत असलेले तेल आपल्या एकूण आयातीत दोन टक्केही नव्हते, ते पाहता पाहता एक तृतीयांशाच्या वर गेले. त्याबद्दल अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारताला दंड ठोकला. आधीच लावलेल्या 25 टक्के आयात शुल्कावर आणखी 25 टक्के, एकूण 50, आणि ते 27 ऑगस्टपासून लागू. तिरुप्पूरच्या कपडे कारखान्यांच्या ऑर्डरी अडकल्या. कापड उद्योगाला दिलासा म्हणून आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचे 11 टक्के शुल्क 19 ऑगस्टपासून उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस वेचणीला येऊन मोंढ्यात पोचतो तोच काळ.

भाव पडायला हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. जगातच कापसाला उठाव नव्हता, पाऊसही होता. पण ज्या भिंतीच्या आडोशाने शेतकरी थोडाफार उभा होता, ती भिंत नेमकी त्याच महिन्यांत काढली गेली. कीव्हमध्ये पडलेल्या बॉम्बची एक कपची मानवतच्या शेतात येऊन पडली ती अशी.

आता यातली खरी मेख पाहा. रशियाचे तेल चीन आपल्यापेक्षा जास्त घेत होता. त्याला हा दंड लागला नाही. कारण चीनकडे दुर्मीळ खनिजे आहेत, ती अडवली तर अमेरिकेचे कारखाने अडतात. वाघ वाघाला खात नाही, दोघे मिळून जंगलातले हरीण वाटून घेतात. आणि चीन तरी आपल्यावर मेहेरबान होता का? फॉस्फेट खतांच्या निर्यातीवर त्याने लगाम घातला आणि 2025 च्या खरिपात आपल्याकडे डीएपी मिळेनासे झाले. पोत्यावर 1350 रुपये छापलेले असतात, पण सोबत नको असलेले दुसरे काहीतरी घ्यावेच लागते. या 'लिंकिंग'चा अनुभव नसलेला शेतकरी जिल्ह्यात सापडायचा नाही. एका सत्तेने आपला भाव पाडला, दुसरीने आपला खर्च वाढवला.

आपण शाळेत शिकलो होतो, दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ. महासत्तांच्या बाबतीत ही म्हण उलटी लागू पडते. दोघांचे भांडण, तिसऱ्याचे मरण.

कोणी म्हणेल, युद्धात तिसऱ्याची चांदीही होते. होते ना. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि आपल्या शेजारच्या वऱ्हाडाच्या, खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडिये रातोरात राजे झाले, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, बँका बुडाल्या. व्यापारी दिवाळखोर झाला, पण कुणब्याच्या डोक्यावर भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज राहिले. दहा वर्षांनी, 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावातून सावकारांच्या वह्या जाळणारा जो उठाव सुरू झाला त्याच्या मुळाशी हे कर्जही होते. युद्धाने दिलेला पैसा युद्ध संपताच परत घेऊन जातो, व्याजासकट.

आपण कोणासाठी टाळ्या वाजवतो?

आता जरा स्वतःकडे पाहू. हे लिहिताना मला ठाऊक आहे की काही वाचक नाराज होतील.

आपल्या मोहल्ल्यातल्या हॉटेलात संध्याकाळी बसा. चीनने अमेरिकेची कशी जिरवली, रशियाच्या क्षेपणास्त्रापुढे कोणाचे काही चालत नाही, यावर चहाचे कप रिकामे होतात. मोबाइलवर एखादे शहर पेटल्याचा व्हिडिओ येतो आणि तो लगेच दहा ग्रुपवर जातो. चार गल्ल्या ओलांडून पलीकडे गेलात तर तिथेही हाच सामना चालू असतो, फक्त झेंडे वेगळे. तिथे इस्राएलने कसे ठेचले याच्या गोष्टी. दोन्हीकडे माणसे क्रिकेट पाहावे तसे युद्ध पाहतात. दोन्हीकडच्या कोणाच्याही घरात बॉम्ब पडलेला नाही.

अमेरिकेवर आपला राग आहे आणि त्याला कारणे आहेत. इराकचे तिने काय केले, गाझात पडणारे बॉम्ब कोणी पुरवले, हे विसरायचे कारण नाही. पण म्हणून तिचा प्रतिस्पर्धी आपला मित्र होतो का? जो चीन अमेरिकेची जिरवतो म्हणून आपण खूश होतो, त्याच चीनने शिनजियांगमध्ये लाखो उइगूर मुसलमानांना छावण्यांत डांबले. जो रशिया अमेरिकेला आव्हान देतो, त्यानेच चेचन्याची राजधानी ग्रोझनी जमीनदोस्त केली होती. जुलमाला धर्म नसतो तसा गटही नसतो. इन्साफ मागणारा माणूस एका जालिमाचा हिशेब दुसऱ्या जालिमाच्या वहीत मांडत नाही.

आणि महासत्तांच्या वैराचे मैदान कोणते असते, हे तरी आपण पाहणार की नाही? डिसेंबर 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. अमेरिकेने पाकिस्तानमार्गे शस्त्रे ओतली. फेब्रुवारी 1989 मध्ये शेवटचा रशियन सैनिक निघून गेला, तोवर लाखो अफगाण मेले होते आणि पन्नास लाखांहून अधिक लोक घरदार सोडून पाकिस्तान आणि इराणमध्ये तंबूत राहत होते. मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये मात्र एक काच फुटली नव्हती. 1980 ते 1988 इराण आणि इराक लढले. इराकला सोव्हिएत रशियाने रणगाडे दिले, अमेरिकेने मदत केली, आणि त्याच अमेरिकेने चोरून इराणलाही शस्त्रे विकली. सीरियात 2014 पासून अमेरिकेची आणि 2015 पासून रशियाची विमाने एकाच आकाशातून बॉम्ब टाकत होती. खाली लोक तेच.

मग सांगा, महासत्तांमध्ये समेट व्हावा असे सगळ्यात जास्त कोणाला वाटायला हवे? ज्यांच्या अंगणात त्यांची कुस्ती होते त्यांना, की आणखी कोणाला?

अंगण लांबचे वाटत असेल तर 23 जून 2025 ची रात्र आठवा. इराण-इस्राएल युद्धात अमेरिका उतरली होती आणि इराणने कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली. कतारने हवाई हद्द बंद केली. परभणी, पाथरी, जिंतूरची किती मुले दोहा, दम्माम, दुबईत गाड्या चालवतात, एसी दुरुस्त करतात! आमच्या गल्लीतली एक आई त्या रात्री फोन हातात धरून फजरपर्यंत जागी होती. तिला कोण जिंकतेय याच्याशी काहीही देणेघेणे नव्हते. सकाळी मुलाचा आवाज ऐकल्यावर ती फक्त रडली. तिच्याच दारासमोर काही पोरे आदल्या रात्री त्या क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ पाहून शिट्ट्या वाजवत होती.

भांडणारे एकत्र येतात तेव्हा

"महासत्ता कधी एक होतात का? ताकदीला ताकदच कळते," हा नेहमीचा सवाल. यावर माझे उत्तर पुस्तकात नाही, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातावर आहे.

माझ्या दादीच्या चेहऱ्यावर खड्डे होते. आमच्या घरात त्याला चेचक म्हणत, गावात देवी. लहानपणी तिला देवी आल्या तेव्हा घरातली दोन भावंडे गेली, ती वाचली. विसाव्या शतकात या एका रोगाने जगभरात तीस कोटींच्या आसपास माणसे मारली असा अंदाज आहे. दोन्ही महायुद्धांत मिळूनही इतकी मेली नाहीत.

1958 साली जागतिक आरोग्य संघटनेची सभा अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात भरली होती. सोव्हिएत रशिया 1949 पासून या संघटनेबाहेर बसला होता, तो नुकताच परतला होता. शीतयुद्ध ऐन भरात होते. त्या सभेत, शत्रूच्या भूमीवर, व्हिक्टर झदानोव या रशियन डॉक्टरने प्रस्ताव मांडला की देवी जगातून कायमची हटवू या. पुढच्या वर्षी तो मंजूर झाला. 1967 मध्ये मोहिमेला खरा जोर आला तेव्हा तिचे नेतृत्व डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरकडे होते. त्याच वर्षी व्हिएतनामवर अमेरिकेचे बॉम्ब पडत होते आणि व्हिएतनामच्या हातात रशियाची शस्त्रे होती. दोन्ही देशांकडे जग अनेकदा राख करता येईल इतके अणुबॉम्ब होते. तरीही रशियाने शंभर कोटींहून अधिक डोस लस दिली, उन्हातही टिकणारी, कोरडी केलेली. लस टोचण्याची दोन टोकांची साधी सुई अमेरिकेत तयार झाली होती.

लस रशियाची, सुई अमेरिकेची आणि पाय आपल्या देवी-डॉक्टरांचे. ते सायकलवरून, बैलगाडीतून, नदी-नाले तुडवत वाडी-तांड्यांवर गेले. लोक दारे लावून घेत, पोरे ज्वारीच्या शेतात लपत, तरी गेले. 1974 साली बिहारमध्ये भयंकर साथ आली, हजारो मेले, पण मोहीम थांबली नाही. 1975 मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला, 1977 मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला आणि 8 मे 1980 रोजी सगळे जग.

पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या माणसांच्या हातावर तो गोल, खोलगट व्रण अजून आहे. तिशीतल्या माणसांच्या हातावर नाही, कारण ती टोचून घ्यायची गरजच उरली नाही. तो व्रण म्हणजे दोन शत्रूंनी एकत्र केलेल्या कामाची पावती आहे. दोघांनी एकमेकांवर प्रेम केले नाही. एकमेकांवर विश्वासही ठेवला नाही. फक्त एक काम वैराच्या बाहेर ठेवले.

बड्यांचा समेट आणि लहानांची मान

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. मोठे एकत्र येतात तेव्हा लहानांचा सौदा होतो, असे लोक म्हणतात. खरे आहे. 1916 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात सायक्स-पिको करार गुपचूप झाला आणि अरबांना न विचारता अरबांची भूमी नकाशावर वाटली गेली. त्याची फळे आजही पॅलेस्टाईन भोगत आहे. असा समेट मला नको आहे.

पण सायक्स-पिको आणि देवीची मोहीम यात फरक काय होता? पहिला करार बंद खोलीत झाला. दुसरा अशा सभेत झाला जिथे प्रत्येक देशाला एक मत होते आणि काम करणारे हात ज्यांचा रोग होता त्यांचेच होते. म्हणून प्रश्न समेट हवा की नको हा नाही. समेटाच्या बैठकीत लहानांना खुर्ची आहे की नाही, हा आहे. वैर चालू ठेवल्याने ती खुर्ची मिळत नाही. युद्धात लहानांना फक्त खंदक मिळतो.

खुर्ची मिळू शकते, याचाही दाखला आहे. युक्रेन युद्ध पेटलेले असताना जुलै 2022 मध्ये तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रसंघाने मध्यस्थी करून इस्तंबूलमध्ये रशिया आणि युक्रेनकडून करार करवून घेतला. काळ्या समुद्रातून धान्याची जहाजे सुटली. वर्षभरात सव्वातीन कोटी टनांहून अधिक धान्य बाहेर पडले. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत आपल्या किराणा दुकानात सूर्यफुलाच्या तेलाचे काय झाले होते, ते घराघरातल्या बायांना विचारा. जुलै 2023 मध्ये रशिया करारातून निघून गेला, हेही सांगितले पाहिजे. पण एक वर्ष का होईना, लढणाऱ्यांना धान्य वैराच्या बाहेर ठेवायला भाग पाडणारा तिसरा कोणीतरी होता.

आणि आपण मुसलमान म्हणवतो, तर हुदैबिया आठवायला हवे. हिजरी सन 6. पैगंबर (स.) सुमारे चौदाशे साथीदारांसह उमऱ्याला निघाले होते, कुरैशने वाटेत अडवले. तह झाला तो वरकरणी मानहानीचाच. यंदा परत जा. मक्केतून कोणी पळून आला तर त्याला परत करा. करारनाम्यात 'अल्लाहचे रसूल' हे शब्दही समोरच्यांनी लिहू दिले नाहीत. हजरत उमर यांच्यासारख्यांना ते सहन होईना. पण त्या कागदाने दहा वर्षे तलवारी म्यान ठेवण्याचे ठरले, आणि पुढच्या दोन वर्षांत जितके लोक इस्लामकडे आले तितके त्याआधीच्या लढायांनी आले नव्हते. सुलह करणारा हरतो, ही समजूत आपल्यात कुठून आली? सीरतच्या जलशात हुदैबियावर भाषण ऐकून बाहेर पडायचे आणि बाहेर येऊन क्षेपणास्त्रावर टाळ्या वाजवायच्या, हे दोन्ही एकाच माणसाला शोभत नाही.

परभणीतून काय होणार?

"अपने को क्या करना है?" असे म्हणणाऱ्यांसाठी शेवटच्या तीन गोष्टी.

पहिली. कापसावरचे आयात शुल्क एका अधिसूचनेने उठले. त्याआधी कापूस पिकवणाऱ्याला कोणी विचारले नाही. परदेशाशी व्यापार करार करायलाही आपल्याकडे संसदेची मंजुरी लागत नाही. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, विचारा: महासत्तेच्या दबावाखाली शेतमालाचा निर्णय होण्याआधी संसदेत चर्चा व्हावी, यासाठी तू काय करणार? सेलू, मानवत, गंगाखेडच्या मोंढ्यात हा प्रश्न हिंदू-मुसलमान दोघांचा आहे. कापसाच्या काट्यावर धर्म लिहिलेला नसतो.

दुसरी. भारत अमेरिकेबरोबर क्वाडमध्ये बसतो आणि रशिया-चीनबरोबर ब्रिक्समध्येही. 2026 मध्ये ब्रिक्सचे यजमानपद आपल्याकडे आहे. दोन्ही पंगतींत ज्याचे पान मांडले आहे त्याने कोणाची तळी उचलायची, असा वाद इथे दिवसरात्र चालतो. मागणी वेगळी हवी. खत, धान्य आणि औषध या तीन गोष्टी कोणाच्याही निर्बंधांतून, कोणाच्याही निर्यातबंदीतून बाहेर ठेवा. नुसत्या कागदावर नाही. रशियन खताला कागदावर सूट होतीच, पण बँका, विमा कंपन्या आणि जहाजवाल्यांनी अंग काढून घेतले. देवीची लस वैराच्या बाहेर राहू शकली, तर डीएपीचे पोते का नाही?

तिसरी आपल्या हातातली. पेटलेल्या शहराचा व्हिडिओ पुढे पाठवू नका. मग ते शहर तेहरान असो, तेल अवीव असो की कीव्ह. त्या धुराखाली दोहातल्या आपल्या पोरासारखा कोणीतरी पोटासाठी आलेला असतो.

मामूंना मी फोनवर हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मतलब वो लोगां मिल के बैठे तो मेरा खत सस्ता." मी म्हटले, बैठकीत तुम्हीही असाल तर. ते हसले. मग म्हणाले, देवी टोचायला आला होता तेव्हा मीही ज्वारीत लपलो होतो, दादीने कान धरून बाहेर काढला. पुढच्या वेळी मानवतला गेलो की त्यांच्या नातवंडांना तो व्रण दाखवायला सांगणार आहे. तुमच्या घरात पन्नाशीच्या पुढचे कोणी असेल तर तुम्हीही आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवा, बाही वर करायला सांगा, आणि तो कोणी कोणी मिळून दिला ते समजावून सांगा.